त्या बाईला काय हवं असतं?

आमच्या घरात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी फ्रिज बंद करावा लागतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नाही. एरवी ऐकूही न येणारी फ्रिजची घरघर मोबाइलच्या माइकमध्ये बरोबर शिरते. म्हणून प्लग काढायचा. नंतर तो लावायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर पडताना किल्ली शोधली की फ्रिज उघडावाच लागतो आणि प्लग आठवतो. दोनदा दूध नासल्यावर ही युक्ती मी शिकले.

मग भिंतीवर राखाडी चादर, समोर रिंग लाइट, ट्रायपॉडवर मोबाइल. याला सेल्फ-टेप म्हणतात. २०२०नंतर इकडच्या बहुतेक ऑडिशन अशा घरातच होतात. कास्टिंगवाल्यांकडून दोन-तीन पानं येतात, ती उद्या किंवा परवापर्यंत रेकॉर्ड करून पाठवायची. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचावी लागतात. त्या माणसाला ‘रीडर’ म्हणतात. माझा रीडर नऊ वर्षांचा आहे. त्याने आजवर माझ्यासाठी डॉक्टर वाचलाय, पोलीस वाचलाय, बँकेचा मॅनेजर वाचलाय, आणि एकदा मला सोडून गेलेला नवराही वाचलाय. मानधन ठरलेलं आहे: एका टेपमागे एक तास आयपॅड.

गेल्या वर्षी एका मालिकेसाठी तीन वाक्यांची भूमिका आली. भारतीय आई, वय चाळीस ते पन्नास, प्रेमळ, जरा नाक खुपसणारी, बोलण्यात ‘अ‍ॅक्सेंट’. मुलगा पहिल्यांदाच गोऱ्या मैत्रिणीला घरी आणतो. आई तिला खायचा आग्रह करते, आणि एका साध्या इंग्रजी शब्दाचा असा उच्चार करते की त्याचा भलताच अर्थ होतो. मुलगा आणि मैत्रीण एकमेकांकडे बघतात. विनोद संपला.

मी एक टेप पाठवली. निरोप आला: छान, पण अ‍ॅक्सेंट थोडा आणखी.

आणखी म्हणजे कुणाचा? माझं इंग्रजी साताऱ्यात सुरू झालेलं आणि पुण्यात वाढलेलं. कास्टिंगवाल्यांच्या कानात जी ‘भारतीय आई’ आहे, ती मला कधी भेटलेली नाही. मग मला माझी आई आठवली. दोन वर्षांपूर्वी ती इकडे आली होती तेव्हा औषधांच्या दुकानातल्या बाईशी फोनवर बोलताना तिचा आवाज एकदम वर चढायचा, शब्द एकेक करून यायचे, आणि चुकू नये म्हणून ती हातातल्या कागदावर बोट ठेवून बोलायची. मी तो आवाज घेतला. पहिलं वाक्य म्हटलं.

मुलाने हातातला कागद खाली केला. “आई, तू आजीची नक्कल करतेस?”

“नाही रे. ही दुसरी बाई आहे.”

“मग ती आजीसारखी का बोलते? आणि हे दोघं तिला हसतायत का?”

मी म्हटलं, “तू वाच पुढचं.”

त्याने वाचलं. टेप गेली. भूमिका मला मिळाली.

*

इथे थोडं मागे जाते. पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत आमची वर्षं गेली. ‘भरत’च्या विंगेत उभं राहिल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा अनुभव आहे असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं. २०१२मध्ये लग्न करून इकडे आले ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरी करणाऱ्या नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको म्हणून. या व्हिसावर तुम्ही राहू शकता, गाडी चालवू शकता, मूल जन्माला घालू शकता. कमवू शकत नाही. २०१५च्या मे महिन्यात नियम थोडा सैल झाला. ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यापुढे गेलंय त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. माझा परवाना आला तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता.

परवाना आला म्हणून मी काय केलं? आयटीचा कोर्स केला नाही. न्यूयॉर्कमध्ये शनिवारचा अभिनयाचा वर्ग लावला.

तेव्हापासूनचा हिशोब मी ठेवलेला आहे, आणि तो कुणाला दाखवण्यासारखा नाही. वर्गाची फी, फोटो, कास्टिंगच्या वेबसाइटची वर्गणी, एडिसनहून पेन स्टेशनपर्यंतची तिकिटं, आणि मी नसताना मुलाला सांभाळणाऱ्या मावशींचे पैसे. जमेच्या बाजूला दोन जाहिराती, तीन मालिकांमध्ये मिळून अकरा वाक्यं, आणि गर्दीतली काही कामं. खर्चाचा आकडा कमाईच्या आकड्याहून मोठा आहे. नवऱ्याने कधीच नाही म्हटलं नाही. हा त्याचा चांगुलपणा, आणि माझ्या मानेवरचं ओझंही तेच.

मंडळाच्या गणपतीत हमखास कुणीतरी विचारतं, “आणि मग मुलाचं कोण बघतं?” माझा नवरा दर महिन्याला पाच दिवस टेक्सासला जातो. त्याला हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यांवर चिडून तो प्रश्न संपत नाही. कारण रात्री तोच प्रश्न मी स्वतःला विचारते. माझ्या हौसेची किंमत दुसऱ्या कुणी, तेही न विचारता जन्माला आणलेल्या माणसाने, का भरावी?

*

आपल्याकडे या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. १२ मार्च १९११ला मुंबईत ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. तरीही प्रयोग झाला. त्यांनी भामिनी केली. ही गोष्ट मराठी माणूस शंभर वर्षं डोळ्यांत पाणी आणून सांगतोय. मीही शाळेत ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आता त्या जागी आई ठेवून बघा. मुलगी गेली त्या दिवशी आई तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभी राहिली. हीच गोष्ट आपण कोणत्या आवाजात सांगितली असती? आणि दुसरं: त्या संध्याकाळी त्या मुलीची खरी आई कुठे होती, काय करत होती, हे या गोष्टीत कुणीच सांगत नाही. स्त्रीचं सोंग घेतलेला पुरुष तेवढा दिसतो. बाई दिसत नाही.

पुढे बायकाही आल्या. दुर्गा खोटे १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या तेव्हा दोन मुलांच्या आई होत्या. चांगल्या घरच्या बाईने सिनेमात जाणं म्हणजे बोभाटा, असा तो काळ. पण घराला पैशांची गरज होती, आणि लोकांनी हळूहळू ते समजून घेतलं. मधुर जाफरींचं उदाहरण आणखी जवळचं. दिल्लीहून लंडनला अभिनय शिकायला गेल्या, मग न्यूयॉर्कला आल्या. लग्न मोडल्यावर त्यांच्या तीन मुली काही काळ दिल्लीला आजीआजोबांकडे राहिल्या. १९६५मध्ये ‘शेक्सपियर वाला’साठी बर्लिनच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. त्या तीन मुलींना तेव्हा काय वाटलं असेल असं आज कुणी विचारत नाही, कारण पुढे सगळं छान झालं. (आणि गंमत म्हणजे, ज्या अमेरिकेत त्या अभिनेत्री व्हायला आल्या, ती त्यांना ओळखते मुख्यतः १९७३पासून लिहिलेल्या स्वयंपाकाच्या पुस्तकांमुळे. बाई, भारतीय, म्हणजे जेवण.)

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६मध्ये नेमका हाच पेच एका निबंधात मांडला. त्याचं उदाहरण चित्रकार गोगँचं: बायकामुलांना मागे ठेवून तो चित्रं काढायला दूर बेटावर निघून जातो. हे बरोबर की चूक? विल्यम्स म्हणतो, निघताना गोगँलाही ते कळायला मार्ग नाही. त्याच्या निर्णयाला समर्थन मिळालंच, तर ते चित्रं चांगली झाली तरच मिळणार. आणि ती होणं पुरतं त्याच्या हातात नाही. म्हणजे माणसाच्या बरेवाईटपणातसुद्धा नशिबाचा वाटा असतो. याला तो ‘नैतिक नशीब’ म्हणतो.

मी हे वाचलं तेव्हा आधी बरं वाटलं, मग घाम फुटला. कारण आईला दोनच सबबी चालतात असं माझ्या लक्षात आलं: गरज किंवा यश. गरज असेल तर बिचारी. यश मिळालं तर थोर. माझ्याकडे दोन्ही नाही. घर नवऱ्याच्या पगारावर चालतं आणि माझ्या नावावर अकरा वाक्यं आहेत. अभिनयात ज्या बहुतेकांना काहीच मिळत नाही, त्या बहुतेकांतली मी एक. मग माझ्यासारखीने काय करायचं? यशाची वाट बघत माफी उधार ठेवायची?

*

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेत वसंताचा कार्यक्रम होता. तो तिसरा ढग होता. ढगांना एकच ओळ होती, तीही सगळ्यांनी मिळून म्हणायची. त्याच सकाळी मॅनहॅटनमध्ये एका औषधाच्या जाहिरातीसाठी मला दुसऱ्या फेरीला बोलावलं. दुसरी फेरी म्हणजे बऱ्यापैकी जवळ. मी हिशोब केला: दहाला आत, साडेदहाला बाहेर, बाराला शाळेत. आत गेले सव्वाअकराला. परतीची गाडी नेवार्कच्या अलीकडे पाऊण तास उभी राहिली.

रात्री नवऱ्याने व्हिडिओ दाखवला. तिसरा ढग सगळं नीट करतो. फक्त त्याची मान सारखी डावीकडून उजवीकडे फिरत असते. तो माणसं मोजतोय असं वाटतं.

ती जाहिरात मला मिळाली नाही. पण मी स्वतःला विचारलं, मिळाली असती तर? त्या पैशांतून त्याला सायकल घेतली असती, आणि मला वाटलं असतं की फिटलं. खरंच फिटलं असतं का? त्या व्हिडिओतली मान फिरायची थांबली असती का? मला तिथे विल्यम्सच्या मांडणीतली एक गोष्ट नीट कळली. निर्णय बरोबर ठरला तरी ज्याचं नुकसान झालं त्याचं ते झालेलंच असतं. यशाने तुम्हाला टाळ्या मिळतील, पण ज्याचं देणं आहे त्याच्या हातात त्या टाळ्या पडत नाहीत. तेव्हा यशाने फिटत नसेल, तर अपयशाने वाढतही नसेल. देणं आहे तेवढंच आहे, आणि ते मुलाचंच आहे. मंडळाचं नाही.

यातून एक गोष्ट मात्र निघते. पुढे काय होईल त्याच्या जोरावर आजच्या कामाचं समर्थन होणार नसेल, तर आजचं काम तरी असं हवं, की जे बघून मला मान खाली घालावी लागणार नाही. आणि मी तर तिसऱ्याच दिवशी मुलाला “तू वाच पुढचं” म्हणणारी बाई.

*

मालिकेचा तो भाग आला. मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे पंचेचाळीस मेसेज आले. कुणीतरी तेवढा तुकडा कापून फिरवला आणि तो साताऱ्याला पोहोचला. आईचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

आई खूश होती. “अगं, अगदी माझ्यासारखीच बोललीस की! शेजारच्या काकूंनाही दाखवलं.” मी हुश्श केलं. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, “पण काय गं, ती दोघं तिला हसतात, तर त्या बाईला राग नाही येत?”

“विनोदी आहे ते, आई.”

“हो, ते कळलं मला. पण एवढी जेवायला घालतेय, पोरगी आवडली का नाही तेही सांगत नाही. तिला काय पाहिजे असतं मग?”

आईने नाटकाचा एकही वर्ग केलेला नाही. पण पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गात जो प्रश्न शिकवतात, तोच तिने विचारला. पात्राला काय हवंय? पुण्यातल्या तालमीतही दिग्दर्शक हेच ओरडायचा. पाणी हवं असेल तर पाणी, पण काहीतरी हवं असायला पाहिजे, नाहीतर तू पात्र नाहीस, टेबल आहेस.

माझ्या त्या बाईला काहीच नको होतं. ती टेबल होती, वर जेवण मांडलेलं.

तोवर मला वाटत होतं की प्रश्न अ‍ॅक्सेंटचा आहे. ‘द सिम्पसन्स’मधल्या अपूवरून इकडे जो वाद झाला तो मी वाचला होता. १९९०पासून एक गोरा नट, हँक अझारिया, त्या भारतीय दुकानदाराला आवाज देत होता. हरी कोंडाबोलू या विनोदवीराने २०१७मध्ये त्यावर माहितीपट केला, आणि २०२०च्या जानेवारीत अझारियाने ती भूमिका सोडल्याचं सांगितलं. तेव्हा चूक उच्चारात आहे असं माझं मत झालं होतं. पण उच्चार तर माझ्या आईचा आहे, खरा आहे, आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. २००१मध्ये बीबीसीवर ‘द कुमार्स अ‍ॅट नंबर ४२’ सुरू झालं. त्यात चाळिशीतली मीरा स्याल म्हातारी आजी झाली होती, आपल्याहून दोनच वर्षांनी लहान असलेल्या संजीव भास्करची आजी! तीही उच्चारासकट, पंजाबी सलवार-कमीजसकट. पण त्या आजीला पाहुण्यांशी चावट बोलायचं असतं, सुनेला टोमणा मारायचा असतं, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटत असतं. तिला हवं असतं. म्हणून आपण तिच्याबरोबर हसतो. उच्चार दोघींचा सारखाच, पण एक माणूस आहे आणि दुसरी सामान.

हे कळलं तेव्हा माझे दोन प्रश्न एकच असल्याचं दिसलं. पडद्यावरच्या आईला काही नको असतं हे मला खुपलं. मग घरातल्या आईला काही हवं असतं, याची मला गेली सात-आठ वर्षं लाज का वाटतेय? “मुलाचं कोण बघतं” या प्रश्नातली आई आणि त्या तीन वाक्यांतली आई एकच बाई आहे. दोघींनी जेवण वाढायचं आणि चौकटीबाहेर जायचं. माझ्या मुलाने मला टेबल म्हणून ओळखावं असं मला वाटत नाही. त्याची आई म्हणजे जिला काहीतरी फार हवंय, जे तिला बहुधा मिळणार नाही, आणि तरीही जी राखाडी चादर टांगते, अशी बाई असेल तर चालेल मला.

याचा अर्थ देणं संपलं असा नाही. आपल्याला काही हवं असणं चोरी नाही. पण ते फुकटही नाही, आणि ढगाच्या त्या व्हिडिओची जबाबदारी माझीच आहे.

*

यानंतर चार महिन्यांनी तसलीच भूमिका पुन्हा आली. आई, अ‍ॅक्सेंट, डबा. वर्गातल्या एका मैत्रिणीला मी म्हटलं, नाही करणार. ती म्हणाली, “तू नाही केलीस तर दुसरी करेल. जगातल्या डबेवाल्या आया कमी होणार नाहीत, तुझे पैसे मात्र जातील.” तिचं खरं आहे. आणि आणखी एक खरं आहे: नाही म्हणणं मला परवडतं. तिचं घरभाडं तिच्या कामावर आहे. ती भूमिका तिने केली तर तिला नावं ठेवायचा मला हक्क नाही. दुसऱ्याच्या पगारावर उभं राहून बाणेदारपणा करणं सोपं असतं. तो करताना आवाज जरा खालीच ठेवावा. पण मी जे करेन ते दुसरीनेही केलंच असतं, म्हणून ते माझं राहत नाही असं होत नाही. तोंड माझं, आवाज माझ्या आईचा, कागद माझ्या मुलाच्या हातात.

शेवटी मी नाही म्हटलं नाही. दोन टेप केल्या. एक त्यांना हवी तशी सरळ, पण आईचा आवाज न घेता. दुसरीत शब्द तेच ठेवले, फक्त त्या बाईला काहीतरी हवं असू दिलं. मी ठरवलं की तिला ती मुलगी मनापासून आवडलीय, आणि ती परत यावी म्हणून ती जिवाचा आटापिटा करतेय. चुकीचा उच्चार झाल्यावर ती हसणाऱ्यांकडे बघते. एवढंच. नुसती बघते.

मुलाने वाचून झाल्यावर दुसरी टेप परत लावायला सांगितली. पाहिली आणि म्हणाला, “ही चिडली.”

“थोडीशी.”

“बरं झालं.”

भूमिका मिळाली नाही. नकार तरी कुठे येतो. उत्तर येत नाही, हाच नकार असतो.

रीडरचं मानधन आता वाढलंय. एक तास आयपॅड, शिवाय शनिवारी सॉकरला मी हजर पाहिजे, वर्ग असला तरी. त्यालाही काहीतरी हवं असतं. दर दोन शनिवारांतला एक त्याला मिळतो, असं आमचं ठरलंय. करार लेखी आहे, फ्रिजवर चिकटवलाय.

परवाच्या शनिवारी टेप पाठवून निघायला गेलो तर गाडीची किल्ली सापडेना. सगळं घर पालथं घातलं. मी पर्स उलटी केली, त्याने सोफ्याखाली टॉर्च मारला. फ्रिज उघडायचं दोघांनाही सुचेपर्यंत पहिला हाफ संपत आला होता.